संगीताची आवड कशी मोजली गेली: सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

एखाद्याला कोणते संगीत आवडते यावरून त्याच्या स्वभावाविषयी काही सांगता येईल का, या प्रश्नाला मापनाची शिस्त लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. अभिजात पाश्चात्त्य संगीत आणि जॅझ यांतील १२० छोटे तुकडे लोकांना ऐकवून, त्यांच्या पसंती-नापसंतीचे घटक विश्लेषण (एकत्र बदलणाऱ्या उत्तरांमागचे समान घटक शोधण्याची सांख्यिकी पद्धत) करून त्यांनी बारा घटक वेगळे काढले. हे घटक नकळत वावरणाऱ्या स्वभावप्रवृत्तींच्या खुणा आहेत, असे त्यांचे मत होते. ते आज फारसे मानले जात नाही. मात्र आवड जाणून घ्यायची तर आधी प्रत्यक्ष ऐकवायला हवे, ही त्यांची भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढच्या संशोधकांनी बराच काळ ती बाजूला ठेवली.

१९८६ मध्ये लिट्ल आणि झुकरमन यांनी थरारप्रियता आणि संगीताची आवड यांचा संबंध तपासण्यासाठी एक मापनश्रेणी तयार केली. या विषयाला खरे बळ मिळाले ते २००३ मध्ये, पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युएल गॉस्लिंग यांच्या 'स्टॉम्प' या प्रश्नावलीमुळे. तिच्यात १४ संगीतप्रकारांची केवळ नावे होती आणि प्रत्येकाला एक ते सात यांपैकी गुण द्यायचे होते. साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या उत्तरांतून चिंतनशील व गुंतागुंतीचे, तीव्र व बंडखोर, प्रसन्न व रूढ, आणि जोशपूर्ण व तालप्रधान असे चार गट पुढे आले. ध्वनियंत्रणा लागत नाही आणि वेळ जेमतेम काही मिनिटांचा, त्यामुळे ही प्रश्नावली झपाट्याने पसरली.

तिची अडचणही याच सोयीत होती. 'जॅझ' म्हटल्यावर एकाला नाचण्याजोगी वाद्यवृंदरचना आठवते, तर दुसऱ्याला मुक्त, अवघड वादन. शिवाय प्रकाराच्या नावाला वय, वर्ग आणि प्रतिष्ठा चिकटलेली असते, आणि अभिरुची सामाजिक स्थानाशी कशी जोडलेली असते हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांनी १९७९ मध्येच दाखवले होते. त्यामुळे मिळालेला गुण कानाला आवडलेल्या संगीताचा की त्या नावाभोवतीच्या प्रतिमेचा, हे प्रश्नावलीतून वेगळे करता येत नव्हते.

म्हणून रेंटफ्रो यांनीच लुइस गोल्डबर्ग आणि डॅनिएल लेव्हिटिन यांच्यासह २०११ मध्ये पुन्हा ध्वनिखंडांकडे वळून, शक्यतो लोकांनी आधी न ऐकलेले तुकडे वापरले. ओळखीच्या गाण्याशी जोडलेल्या आठवणी अशा रीतीने दूर ठेवल्यावर मवाळ, निराडंबर, परिष्कृत, तीव्र आणि समकालीन अशी पाच परिमाणे मिळाली. माझ्या मते याहून निर्णायक पाऊल पुढच्या वर्षीचे आहे: केवळ जॅझचे आणि केवळ रॉकचे तुकडे ऐकवूनही जवळपास तीच रचना आढळली, म्हणजे आवडीचा आधार प्रकाराच्या नावापलीकडे, ध्वनीच्या गुणधर्मांतही आहे हे दिसून आले. २०१६ मध्ये याच दिशेने पुढे जात उत्तेजन, भावछटा आणि खोली या तीन गुणांची मांडणी झाली.

मोजमाप सुधारले, तरी मूळ अपेक्षा मात्र आटोक्यात आणावी लागली. २०१७ मध्ये शेफर आणि मेलहॉर्न यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा व्यक्तिमत्त्वगुण आणि संगीतशैलीची आवड यांतील संबंध सरासरीने अगदी क्षीण निघाले. २०२२ मध्ये पन्नासहून अधिक देशांतील साडेतीन लाखांपेक्षा जास्त व्यक्तींच्या अभ्यासात या संबंधांचे स्वरूप देशोदेशी बरेचसे सारखे आढळले. परंतु त्या अभ्यासातील संगीत पाश्चात्त्य होते, त्यामुळे इतर परंपरांतील श्रोत्यांची त्यांच्या स्वतःच्या संगीतातील आवड याच पाच परिमाणांत बसते का, हे त्यावरून ठरत नाही.