नाकावरचा काळा ठिपका मळाचा नसतो

माझी भाची नागपुरात धरमपेठेत राहते, दहावीत आहे. मे महिन्यात तिच्या घरी गेले, तर ती आरशासमोर उभी राहून नाकावर लिंबू आणि खाण्याचा सोडा घासत होती. नाक लालबुंद. "मावशी, हे काळं निघतच नाही," म्हणाली.

निघणार कसं? तो मळ नव्हताच. वयात येताना शरीरात अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलींच्याही. त्यामुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या मृत पेशी बाहेर पडायच्या सोडून एकमेकींना चिकटतात आणि तेलासकट त्यांचं बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं, की त्यातलं मेलॅनिन आणि हवा लागलेलं तेल काळं दिसतं. तोंड बंद असेल तर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जीवाणू, जे एरवीही आपल्या त्वचेवर असतातच, आत फोफावतात. शरीराची संरक्षक फौज तिथे धावते आणि लाल, दुखरी पुटकुळी येते. एवढं सगळं घडतं पृष्ठभागाखाली, तिथवर आपलं घासणं पोचत नाही.

घासण्याने बिघडतो तो वरचा थर. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १०, सोड्याचा ८ च्या वर, लिंबाचा जेमतेम २. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची जाडसर भुकटीही चोळू नये. संत्र्यांवर माझंही प्रेम आहे, पण ते खाण्यातलं.

पुटकुळ्यांसाठी दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरतो. त्वचा तेलकट असली तरी हलकं मॉइश्चरायझर लावावं. २.५ टक्क्यांचं बेंझॉइल पेरॉक्साइड हे पुटकुळ्यांवर लावायचं औषध जास्त टक्क्यांच्या औषधाइतकंच काम करतं आणि जळजळ कमी होते. टॉवेलचा, ओढणीचा रंग मात्र ते उडवतं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

हे आठ आठवडे कोणाला धीर धरवत नाही, आणि मला खरी भीती वाटते ती इथेच. मैत्रीण एक छोटी ट्यूब सांगते, "आठ दिवसांत गोरी होशील." अशा मिश्रणांत बऱ्याचदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा खरंच उजळ आणि नितळ दिसतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, बारीक लव वाढते, नव्या पुटकुळ्या उठतात. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून मुलगी पुन्हा तीच लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात फिरतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचाच. आधीच वापरत असाल तर स्वतःहून एकदम सोडू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही.

नागपूरचं ऊन ४५ अंशांवर गेलं की मुली गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधतात. उत्तम सवय आहे ही. पण घामाने भिजलेला तोच स्कार्फ चार दिवस घासत राहिला तर हनुवटीवर, गालांवर पुटकुळ्या येतात. तो रोज धुवा. विरळ विणीतून अतिनील किरण आत येतात, तेव्हा खाली एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवं, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं. डिसेंबरच्या दुपारी फुटाळा तलावावर गारवा असला तरी हे किरण असतातच.

मेकअपला माझी ना नाही. नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं निवडा, झोपण्यापूर्वी पुसून तोंड धुवा. काजळ मात्र कुणाचं वापरू नका आणि आपलं देऊ नका, डोळे असेही येतात.

गाठीसारखे मोठे, खड्डे पाडणारे मुरूम असतील, किंवा त्यांच्यासोबत पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर घरगुती काही करत बसू नका. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. आईला घेऊन जा.