जुन्या डेस्कटॉपचा जीव डिस्कमध्ये अडकलेला असतो

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप रडतखडत चालू होतो, तेव्हा बोल प्रोसेसरला लागतो. खरी रखडपट्टी बहुतेक वेळा हार्ड डिस्कमध्ये असते. तिची तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. वाचणारा काटा जागेवर सरकणार, मग हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येणार; एका वाचनाला साधारण 12 मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशी वाचनं हजारोंनी होतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, तिथं हेच काम 0.1 मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. जुन्या मदरबोर्डावर साटा-2 ही डिस्क जोडायची जुनी, हळू जोडणी असली तरी एसएसडी बिनधास्त बसवा. मोठ्या फाइलचा वेग सेकंदाला 300 एमबीच्या आत राहील, पण छोट्या वाचनांतला फायदा कुठे जात नाही.

240 जीबीची एसएसडी घरच्या कामाला पुरते. जुनं विंडोज जसंच्या तसं क्लोन (हुबेहूब नक्कल) करणार असाल, तर बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्राममधली, साटाची सेटिंग हलवू नका. तिथं आयडीई ही डिस्कशी बोलायची जुनी पद्धत बदलून एएचसीआय ही नवी केली की विंडोजला सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर मिळत नाही आणि निळी स्क्रीन येते. नवंच टाकायचं असेल तर मात्र आधी एएचसीआय करून घ्या.

कॅबिनेट उघडलंच आहे तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता काढणारा धातूचा ठोकळा, बघा. आपल्याकडे कापूस वेचणी आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्याच्या पात्यांमध्ये धूळ अन् तंतूंची अक्षरशः गादी बसते. पंखा वरून फिरताना दिसतो, पण हवा खाली उतरत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा. हिवाळ्यात खोली 25 अंश असताना प्रोसेसर 65 वर असेल, तर मे महिन्यात 43 अंशांच्या खोलीत तेच काम करताना तो 83 च्या घरात जातो. आणखी तापला तर स्वतःच वेग कमी करतो. म्हणून उन्हाळ्यात मशीन मंदावतं, आणि त्याहूनही तापलं तर आपोआप बंद पडतं. त्यावर उपाय म्हणून ते कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर सुकले की गंज धरतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? अर्थिंग नाही, किंवा त्याचा खड्डा कोरडा पडलाय. एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) फिल्टरचे कपॅसिटर थोडासा करंट कॅबिनेटवर सोडतात. त्याला जमिनीत जायला वाट हवी. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला.

रॅम 4 ची 8 जीबी करा, पण 64-बिट विंडोज असेल तरच. घरगुती 32-बिटला 4 च्या वरची वापरताच येत नाही. रॅमच्या पिढ्या वेगळ्या असतात: डीडीआर3 ला 240 पिना, डीडीआर4 ला 288, खाचही वेगळी, त्यामुळे दाबून बसवू नका. बसवल्यावर नुसते बीप आले, तर पिना खोडरबरनं पुसून पुन्हा लावा. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल बदला. चुकीच्या तारखेमुळेच सातबाऱ्याची साइट ‘असुरक्षित’ म्हणून अडते.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आडमार्गानं ते टाकण्यापेक्षा विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा. प्रिंटरवर एक पान काढा, मराठी टाइप करून बघा, अंगठ्याचं मशीन लागत असेल तर तेही जोडा. सगळं चाललं की मगच एसएसडीवर टाका.