वाटा सारखा, मग चारही कोअर एकाकडेच कसे?

निपाणीच्या एका मित्राचा परवा फोन आला, बॉइंकवर (घरच्या पीसीचा रिकामा वेळ विज्ञानाच्या प्रोजेक्टना देणारा प्रोग्रॅम) आइनस्टाइन अॅट होम आणि रोझेटा अॅट होम या दोन प्रोजेक्टना १००-१०० वाटा दिलाय तरी दोन दिवस झाले चारही कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) रोझेटाच खातंय, आइनस्टाइन नुसतं ताटकळत बसलंय, काय बिघडलंय काय बघ की. बिघडलेलं काही नाही. पण हे असं का चालतं ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

१७ मे १९९९ ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातनं परग्रहावरच्या जीवांचे सिग्नल शोधणारं सेटी अॅट होम सुरू झालं. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीनं टिपलेले रेडिओ सिग्नल टेपवर भरून बर्कलीला यायचे, तिथं त्याचे साधारण ३५० केबीचे तुकडे करून जगभरच्या घरातल्या पीसींना वाटायचे. डायल-अपवर सुद्धा दोनचार मिनिटात उतरेल एवढंच ते होतं. तेव्हा वाटणीचा प्रश्नच नव्हता, घरच्या पीसीला प्रोसेसर एक, त्याला कोअर एक, आणि प्रोग्रॅमपण एकच. ज्यांच्याकडे दोन प्रोसेसरचं मशीन होतं ते सेटीचं फोल्डर कॉपी करून दोन ठिकाणनं चालवायचे.

पण एकेक करत प्रोजेक्ट वाढले. प्रथिनांच्या घड्या शोधणारं फोल्डिंग अॅट होम २००० ला आलं, २००३ ला हवामानाचं क्लायमेट प्रेडिक्शन, ज्याचं एकेक काम आठवडेच्या आठवडे चालायचं. प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा आणि सगळ्यांना तोच एक प्रोसेसर हवा. सेटी चालवणाऱ्या डेव्हिड अँडरसन यांनी मग २००२ पासून बॉइंक बांधायला घेतलं, म्हणजे कितीही प्रोजेक्ट असू देत, त्यांना पाळी लावून देणारा एकच प्रोग्रॅम. २००४ पासून प्रोजेक्ट त्यावर यायला लागले, डिसेंबर २००५ ला जुनं सेटी बंद करून सगळ्यांना बॉइंकवर घेतलं. आणि त्याच २००५ मध्ये दोन कोअरचे प्रोसेसर घरोघरच्या पीसीत यायला लागले, म्हणजे वाटायला आता वेळ पण आणि कोअर पण.

पाळी हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. आमच्या उसाला भावकीतल्या तीन घरांची एकच विहीर. थोरल्या काकांची लाल पुठ्ठ्याची वही स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेली असायची, कुणाची मोटार किती तास चालली ते त्यात पेन्सिलीनं लिहायचं. थ्री फेज आलीच नाही आणि एखाद्याची पाळी बुडली तर ते तास त्याच्या नावावर येणं म्हणून मांडायचे, पुढच्या फेऱ्यात फेडायचे. आणि कुणाची लावण वाळायला लागली तर पाळी नसताना पाणी आधी तिला, हिशेब मागनं.

बॉइंकची सुरवातीची रीत अगदी हीच होती, त्यांनी नावपण डेट म्हणजे देणं असंच ठेवलं होतं. वाटा म्हणजे टक्केवारी नव्हे, प्रमाण. तिघांना १००, १०० आणि २०० दिलं तर पाव, पाव आणि अर्धा. साधारण तासातासाला काम बदलायचं, ज्याला हक्कापेक्षा कमी वेळ मिळाला त्याचं येणं वाढत जायचं आणि त्याचा नंबर आधी लागायचा. दुसरा एक लांब मुदतीचा हिशेब असायचा, नवीन काम कुणाकडनं मागवायचं ते त्यावर ठरायचं. आणि एखादं काम मुदतीत संपणार नाही असं दिसलं की वाटा बाजूला, आधी ज्याची मुदत जवळ ते.

मग डिसेंबर २००८ ला सेटीनं ग्राफिक्स कार्डवर काम सुरू केलं आणि तासांचा हिशेब अपुरा पडायला लागला, कारण कार्डाचा एक तास आणि कोअरचा एक तास यात जमीनअस्मानाचा फरक. म्हणून बॉइंकच्या ७.० मालिकेपासून तास मोजायचं सोडून प्रत्येक प्रोजेक्टसाठी अंदाजे किती गणित झालं ते मोजतात, कोअर आणि कार्ड दोन्ही धरून. हा आकडा दर दहा दिवसांनी निम्म्यानं विरतो, म्हणजे महिन्याभरापूर्वीचं देणंघेणं जवळपास पुसलेलं असतं. मला स्वतःला हा बदल फार पटला. अडचण एवढीच की आता वाटणी एका दिवसात दिसत नाही, आठवडे बघावे लागतात, आणि लोक दोन दिवसात वैतागून सेटिंग हलवतात.

मित्राचं तेच झालेलं. रोझेटाच्या कामाला मुदत तीन दिवस, आइनस्टाइनच्या कामाला चौदा. त्यानं कामाचा साठा, म्हणजे आधीच उतरवून ठेवायचं काम, जास्त दिवसांचा ठेवलेला, त्यात गावात लाईट जाऊन रोज काही तास मशीन बंद, मग रोझेटाची मुदत अंगावर आली आणि चारही कोअर तिकडे वळले. वाळणाऱ्या लावणीचं पाणी! त्याला सांगितलं साठा अर्ध्या दिवसावर आण, थांबवलेली कामं मेमरीत ठेवायची खूण चालू कर, म्हणजे पाळी बदलताना झालेलं गणित वाया जात नाही (लाईट गेली तर मात्र शेवटच्या चेकपॉइंटपासनंच, म्हणजे शेवटचं जिथं सेव्ह झालं तिथनंच परत), आणि वाट्याला हात लावू नको.

काल त्यानं फोटो पाठवला, तीन कोअरवर आइनस्टाइन, एकावर रोझेटा. आता रोझेटा उपाशी पडलंय काय, असं विचारतोय.