रिॲक्शन आणि रीड: आपण नक्की कशात कच्चे आहोत?

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये हरलो की आपल्यातले निम्मे लोक म्हणतात "यार माझं रिॲक्शनच स्लो आहे, वय झालं आता", आणि जिंकलो की तेच लोक "कसला रीड केला बघ!" मला तर दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा खोटी वाटतात, माझी स्वतःची धरून.

रिॲक्शन म्हणजे दिसलं आणि मग बटण दाबलं. रीड म्हणजे दिसायच्या आधीच दाबलं, कारण समोरचा आता काय करणार हे त्याच्या आतापर्यंतच्या खेळावरून कळलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेम दिसतात, घोळ तिथेच होतो.

थोडं गणित करू. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (म्हणजे ६० चित्रांनी) पळतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. स्क्रीनवर काहीतरी दिसून बोट हलायला माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम, आणि ते पण एकाच गोष्टीची वाट बघत बसलेलो असताना. थ्रो (पकडून आपटणं) ५ फ्रेममध्ये येतो, तो बघून टेक करायची (सोडवून घ्यायची) आशा सोडा, तिथे प्रो लोक पण अंदाजच लावतात. ड्राइव्ह इम्पॅक्टला (समोरच्याचे फटके झेलत मारायचा जोरदार हल्ला) मात्र २६ फ्रेम लागतात, ४३० मिलिसेकंदांच्या वर, आणि उडी तर त्याहून लांबलचक. म्हणजे कागदावर हे दोन्ही बघून थांबवता येतात, तरी आपण रोज खातो.

ट्रेनिंग मोडमध्ये जाऊन डमीला (सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याला) एका स्लॉटमध्ये फक्त इम्पॅक्ट रेकॉर्ड करून द्या आणि मधला वेळ कमीजास्त ठेवा. दहातले आठ-नऊ आपल्या इम्पॅक्टने परतवता आले तर तुमचं रिॲक्शन ठणठणीत आहे, विषय संपला. (नाहीच जमलं तर आधी टीव्हीचा गेम मोड (चित्र उशिरा दिसू नये म्हणून असतो तो) चालू आहे का ते बघा, उगाच स्वतःला शिव्या नकोत.) मग दुसऱ्या स्लॉटमध्ये उडी टाका, तिसऱ्यात ड्राइव्ह रश (झपकन पुढे धावणं), चौथ्यात फायरबॉल (लांबून फेकायचा गोळा), आणि सगळं रँडम लावा. माझे नवाचे चार झाले. हात तेच, डोळे तेच, फक्त डोक्यात एकाच्या जागी चार गोष्टी. मॅचमध्ये तर वर आपला कॉम्बो (सलग फटक्यांची साखळी) आठवायचा असतो, गेज (ताकदीची पट्टी) बघायचा असतो, आणि ऑनलाइन रोलबॅक झाला (नेट अडखळल्यावर गेमने चित्र मागाहून दुरुस्त केलं) तर समोरच्या मूव्हच्या पहिल्या काही फ्रेम दिसतच नाहीत, त्यामुळे वेळ अजून कमी.

म्हणजे ज्याला आपण स्लो रिॲक्शन म्हणतो ते बऱ्याचदा लक्ष चार ठिकाणी पांगलेलं असतं, आणि त्यावर उपाय रीडच आहे. आपण बर्नआउटमध्ये (ड्राइव्ह गेज संपलेला), पाठ कोपऱ्याला, अशा वेळी समोरच्याचा इम्पॅक्ट येणार हे जवळपास ठरलेलं, कारण ब्लॉक केला तरी स्टन, म्हणजे काही वेळ हलताच येत नाही. तेव्हा बाकी सगळं सोडून त्याचीच वाट बघितली तर तेच स्लो हात अचानक फास्ट होतात.

आता कोणीतरी २००४ च्या इव्होचं (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) उदाहरण देणारच. थर्ड स्ट्राइक (स्ट्रीट फायटर ३ ची आवृत्ती), खेळाडू डायगो उमेहाराचं पात्र केन, जस्टिन वाँगचं चुन-ली, केनची लाइफ एवढीशी की चुन-लीचा सुपर (गेज भरल्यावरचा मोठा हल्ला) नुसता ब्लॉक केला तरी मेला असता, आणि डायगोने त्या सुपरचे सगळे १५ हिट पॅरी केले, म्हणजे नेमक्या क्षणी अडवून जराही लाइफ न घालवता झटकले. लोक म्हणतात काय रिॲक्शन आहे! पण त्या सुपरची पहिली पॅरी सुपर सुरू व्हायच्या आधीच टाकावी लागते, बघून जमतच नाही. तो रीड होता. उरलेल्या चौदा म्हणजे घोटून घोटून पाठ केलेला ताल. रिॲक्शन त्यात शोधूनही फारसं सापडणार नाही.

उलट बाजूची फसवणूक मला जास्त डेंजर वाटते, म्हणजे अंदाजाला रीड समजणं. पडल्यावर उठता उठता डीपी (वर उसळणारा ठोसा, ब्लॉक झाला तर आपण उघडे पडतो) मारला, लागला, झाला आपला रीड. पण का मारला ते एका वाक्यात सांगता येतंय का? "मागच्या दोन्ही वेळा मी उठताना गप्प बसलो आणि दोन्ही वेळा त्याने थ्रो केला, म्हणून या वेळी मारला" हा रीड. "वाटलं" हा रीड नाही.

मी एका रविवारी माझे रिप्ले लावून प्रत्येक डीपीच्या आधी पॉज करत गेलो आणि कारण बोलून बघितलं. बहुतेक ठिकाणी खरं कारण एकच निघालं, नुकताच मार खाल्ला होता आणि डोकं फिरलं होतं. लागलेले डीपी मला सगळे आठवत होते, ब्लॉक झालेले एकही नाही, आणि त्या प्रत्येकानंतर जो पनिश काउंटरचा (फसलेल्या मूव्हवर बसणारा जास्तीचा मार) अख्खा कॉम्बो बसला होता तो मी इतके दिवस स्लो रिॲक्शनच्या खात्यात लिहीत होतो.