मजूर मोजले की करार?

कोणत्या देशात परदेशी हंगामी मजूर जास्त, हे सांगणारे तक्ते नेहमी छापून येतात. ते वाचताना आधी बघावं ते हे, की मोजलंय नेमकं काय.

मेक्सिकोतून अमेरिकेत शेतमजूर नेणारी ‘ब्रासेरो’ योजना 1942 ते 1964 अशी चालली. त्या काळात सुमारे 46 लाख करार झाले. पुष्कळ ठिकाणी हाच आकडा ‘46 लाख मजूर’ म्हणून दिला जातो आणि तिथेच घोळ होतो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या खोऱ्यात आखूड दांड्याच्या कुदळीने, दिवसभर कमरेत वाकून लेट्यूसची रोपं विरळ करणारा माणूस हंगाम सरला की घरी जाई आणि पुढच्या साली नवा करार करून परत येई. पाच हंगाम आला, तर हिशेबात तो पाचदा. खरी माणसं 46 लाखांपेक्षा बरीच कमी होती.

आता पश्चिम जर्मनी. तिने 1955 मध्ये इटलीशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार केले आणि नोव्हेंबर 1973 मध्ये भरती थांबवली. तेव्हा तिथे सुमारे 26 लाख परदेशी कामगार होते. 46 विरुद्ध 26, म्हणजे अमेरिका पुढे? मुळीच नाही. 26 लाख हे एका वेळी तिथे हजर असलेले. 1955 ते 1973 मध्ये जर्मनीत आलेले मोजले तर सुमारे 1 कोटी 40 लाख भरतात, त्यातले 1 कोटी 10 लाखांच्या आसपास परत गेले. आवक आणि हजेरी एकाच रकान्यात मांडणं मला अक्षम्य वाटतं, कारण अशाच आकड्यांवर माणसांच्या घरांची, विम्याची धोरणं ठरतात.

भरती थांबल्यावर परदेशी लोकसंख्या घटली, असंही झालं नाही. एकदा जर्मनी सोडली की पुन्हा यायची वाट बंद, हे कळल्यावर अनेकांनी मुक्काम हलवला नाही, उलट बायकामुलांना बोलावून घेतलं. 1973 मधले सुमारे 40 लाख परदेशी 1980 पर्यंत 45 लाखांच्या घरात गेले.

नियम बदलला की माणूस हिशेबातून गायबही होतो. 2011 पासून पोलंडच्या मजुरांना जर्मनीत परवाना लागेनासा झाला. शतावरीच्या शेतात ते येतच राहिले, फक्त परवान्यांच्या आकडेवारीत दिसेनासे झाले. हंगामी परदेशी शेतमजुरांसाठीच्या अमेरिकेच्या ‘एच-2ए’ व्हिसा योजनेत 2022 मध्ये मंजूर जागा 3 लाख 70 हजारांच्या आसपास, पण व्हिसा 3 लाखांच्या आत. एकाच व्हिसावर आलेला मजूर एका शेतातलं काम आटोपून दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकतो, तेव्हा जागा दोन भरतात.

आपल्याकडचंही तसंच. आखाती देशांत जाणाऱ्यांचा सरकारी आकडा बहुतेक वेळा ‘ईसीआर’, म्हणजे कामासाठी जाण्याआधी सरकारी परवानगी लागणाऱ्या पासपोर्टवरच्या परवानग्यांवरून काढलेला असतो. दहावी झालेल्याला ती परवानगी लागतच नाही. रत्नागिरीचा दहावी पास वेल्डर दोहाला गेला, तर तो त्या आकड्यात नसतो.