ऊन फुकट, वायू फुकट. म्हणून हायड्रोजनही फुकट?

नागपूरच्या उन्हाचा विषय निघाला की, टाकाऊ हायड्रोजन सल्फाइड वायू प्रकाश-उत्प्रेरकाने (प्रकाश शोषून रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाने) फोडल्यास हायड्रोजन जवळपास फुकटात मिळेल, असे हमखास सांगितले जाते. पाणी फोडण्यास प्रतिमोल सुमारे २३७ किलोज्यूल, तर या वायूला जेमतेम ३३ किलोज्यूल लागतात, हे खरे. पण खर्चाचे मूळ ऊर्जेत नाहीच.

टायटॅनियम डायऑक्साइड हा प्रकाश-उत्प्रेरक मुख्यतः अतिनील किरणे शोषतो आणि ती सूर्यप्रकाशात चार-पाच टक्केच असल्याने मे महिन्यातले वैदर्भीय ऊनही बहुतांशी वाया जाते. कॅडमियम सल्फाइड हा दुसरा उत्प्रेरक दृश्य प्रकाश घेतो, मात्र तो विषारी. प्रयोगशाळेत हा वायू अल्कधर्मी द्रावणात शोषून त्यात बहुधा सोडियम सल्फाइट घालतात. न घातल्यास सुटणाऱ्या गंधकामुळे द्रावण पिवळे पडून प्रकाश अडतो. हिशेब फसतो तो इथे: समीकरणानुसार एक किलो हायड्रोजनमागे सुमारे ६३ किलो सल्फाइटचे थायोसल्फेट होऊन ते खर्ची पडते, आणि हे सल्फाइट कोणी फुकट देत नाही.

शिवाय नागपुरातील भांडेवाडीसारख्या ठिकाणच्या मैलापाण्यातून मिळणाऱ्या जैववायूत मुख्य भाग मिथेनचा असतो. हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प, आणि एक किलो हायड्रोजनसाठी तो किमान १७ किलो हवा. तेलशुद्धीकरण कारखान्यांत तो मुबलक असतो, परंतु तेथे क्लॉस प्रक्रिया त्यातून विकण्याजोगे गंधक आधीच काढते. नव्या तंत्राला स्पर्धा तिच्याशी करावी लागेल.