नेटवर्क आणि आघाडी : पाण्यासाठी संस्था एकत्र येतात तेव्हा नक्की काय होतं

मागे एकदा मैत्रिणीचा फोन आला, तिच्या तालुक्यातल्या नदीवर काहीतरी मोठं काम येतंय असं कळलं होतं आणि ती पार हादरलेली होती, म्हणाली "अगं तुमचं ते नेटवर्क आहे ना, त्यांना सांग, सोमवारी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढूया." मी म्हटलं नेटवर्क मोर्चा नाही काढत गं, त्याला आघाडी लागते. तर म्हणे "दोन्ही एकच की, संस्था त्याच, माणसंही तीच."

माणसं तीच असतात हे अगदी खरंय आणि म्हणूनच सगळा घोळ होतो. त्यात नावांनी भर पडते. मंच, अभियान, परिषद, समिती, फोरम, फ्रंट, नावावरून काही म्हणजे काही कळत नाही. गोव्यातल्या म्हादई नदीसाठीचं म्हादई बचाव अभियान हे कोर्टात भांडणारं अभियान आहे, आणि 2 ऑक्टोबर 2022 ला सेवाग्रामला सुरू झालेलं 'चला जाणूया नदीला' हेही अभियानच, पण ते राज्य सरकारने नदीप्रेमी मंडळींना सोबत घेऊन 75 नद्यांसाठी काढलेलं. म्हणजे पाटी बघून ठरवायचं नाही, आत काय चालतं ते बघायचं.

माझ्यापुरती मी एक खूण ठरवलीय. जिथे आत येताना तुमची भूमिका काय हे कुणी विचारत नाही ते नेटवर्क, आणि जिथे पहिल्याच मीटिंगला "आपली मागणी काय" यावर दोन तास जातात ती आघाडी.

नेटवर्कचं जवळचं उदाहरण म्हणजे पाण्याच्या संघर्षांवर काम करणारं एक फोरम, पुण्यातली सोपेकॉम ही संस्था त्याचं समन्वयाचं काम बघते. त्यात अभ्यासक आहेत, गावपातळीवरच्या संस्था आहेत, चळवळीतली माणसं आहेत. या लोकांनी 2008 मध्ये देशभरातल्या 63 पाणी-संघर्षांच्या कहाण्या एकत्र छापल्या, कुठे वरचे गाव विरुद्ध खालचे गाव, कुठे शेती विरुद्ध कारखाना, कुठे राज्य विरुद्ध राज्य. आता विचार करा, 63 भांडणं आणि प्रत्येकात निदान दोन बाजू, या सगळ्यांकडून एका मागणीवर सही घेणं शक्य तरी आहे का? आणि ते कुणी मागितलंही नव्हतं. काम होतं ते भांडण नीट समजून घ्यायचं, कुणाकडे कुठला आकडा आहे, कुठला कायदा लागतो, दुसरीकडे काय करून बघितलं.

मी स्वतः अशाच एका छोट्या नेटवर्कच्या बैठकांना जाते. एकदा एक काका शाळेची शंभर पानी वही घेऊन आले होते, आत दर पंधरा दिवसांची त्यांच्या विहिरीच्या पाण्याची पातळी, दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारून मोजलेली, तारखेसकट, सहा वर्षांची. पेन संपलं तिथे पेन्सिल, पेन्सिल संपली तिथे नातवाचं स्केचपेन. आमच्यातल्या भूजलवाल्या मुलीने ती वही हातात घेतली आणि पुढचा अर्धा तास ती कुणाशी बोलली नाही, नुसती पानं उलटत होती, मग म्हणाली की एवढी सलग नोंद या भागात मी अजून कुठेच बघितली नाही. त्या दिवशी काही ठरलं नाही, ठराव नाही, पत्रक नाही. पण पुढच्या बैठकीला आणखी चार गावांतून वह्या आल्या. नेटवर्क असं चालतं, सावकाश, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं हे लोक नुसते चहा पितात.

आता आघाडी. इथे नर्मदेचं उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सरदार सरोवरासाठी वर्ल्ड बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बुडणारी गावं तीन राज्यांत, त्यातली 33 आपल्याकडची, आत्ताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, तेव्हा तो धुळे जिल्हाच होता. तिन्ही राज्यांत वेगवेगळ्या संस्था-संघटना काम करत होत्या आणि सुरुवातीला सगळ्यांचं बोलणं पुनर्वसनावरच होतं. मग डिसेंबर 1987 मध्ये गुजरात सरकारने पुनर्वसनाचं धोरण बरंच सुधारलं, भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांनाही जमीन देण्याचं मान्य केलं, आणि गुजरातमधल्या विस्थापितांसाठी झटणाऱ्या आर्च-वाहिनीने ते स्वीकारलं. त्यांची मागणी मान्य झाली होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातली मंडळी मात्र 1988 मध्ये धरणालाच पूर्ण विरोध या भूमिकेवर आली. इथे वाटा वेगळ्या झाल्या. पुष्कळ लोक याकडे फूट म्हणून बघतात, कुणी दगाही म्हणतात, पण मला तसं नाही वाटत, आघाडी ही मागणीवर उभी असते आणि मागणी बदलली की काही जण खाली उतरणारच, त्यात प्रामाणिकपणाचा प्रश्न येतोच असं नाही.

जे राहिले त्यांनी काय केलं ते बघा. पैसा वॉशिंग्टनहून येत होता म्हणून तिथल्या पर्यावरण संस्थांना सोबत घेतलं, 1989 मध्ये मेधा पाटकरांनी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, जपानमधल्या संस्थांनी आपल्या सरकारवर दबाव आणला आणि 1990 मध्ये जपानने टर्बाइनसाठीचं कर्ज थांबवलं. 1991 मध्ये बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, मोर्स समिती, तिने जून 1992 मध्ये बँकेने मागे सरकावं असं स्पष्ट लिहिलं, आणि मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. धरण थांबलं नाही, 2017 मध्ये त्याचं लोकार्पण झालं, 138.68 मीटर उंचीचं. बँकेचा पैसा थांबला. हे दोन वेगळे निकाल आहेत आणि ते वेगवेगळेच सांगायला हवेत.

याच लढ्यातून 1994 मध्ये एक जाहीरनामा निघाला, मोठ्या धरणांना वर्ल्ड बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी, त्यावर 44 देशांतल्या 326 गटांनी सह्या केल्या आणि त्याला नाव दिलं मणिबेलीचं. अक्कलकुवा तालुक्यातलं, आपल्याकडचं सगळ्यात आधी बुडालेलं गाव. 326 गट, कुणाची भाषा वेगळी, कुणाची नदी वेगळी, पण कागद एक. आघाडीची ताकद ती हीच.

पण हा एक कागद तयार करणं काय असतं हे मी बघितलंय. आमच्या इथे एका प्रकल्पाविरुद्ध चौदा संस्थांचं पत्र जायचं होतं, रात्री साडेअकरा, व्हॉट्सॲप ग्रुप, ड्राफ्टची सातवी आवृत्ती, आणि गाडी एका वाक्यावर अडलेली, 'प्रकल्प रद्द करावा' की 'प्रकल्पाचा फेरविचार करावा'. मच्छीमारांची संघटना म्हणत होती फेरविचार म्हणजे आम्हाला अजून दोन वर्षं टांगून ठेवणं. एक संस्था म्हणत होती रद्द लिहिलं तर आमच्या विश्वस्तांची मंजुरी लागेल आणि ती उद्यापर्यंत मिळणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी 'रद्द' राहिलं, तेरा सह्या झाल्या, आणि चौदाव्या संस्थेने वेगळं, थोडं मऊ पत्र त्याच दिवशी पाठवलं. तेव्हा मला राग आला होता, आज वाटतं त्यांनी केलं ते योग्यच केलं, न पटणाऱ्या वाक्याखाली सही करून नंतर पत्रकारांसमोर गुळमुळीत बोलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

एवढी घाई का, तर तारखा. जनसुनावणीची नोटीस निदान 30 दिवस आधी निघते, म्हणजे अहवाल वाचून, गावागावात सांगून, लेखी हरकती द्यायला हातात महिनाच. पर्यावरण मंजुरी निघाली तर हरित न्यायाधिकरणात अपील 30 दिवसांत, फार तर पुढे 60 दिवसांची सवलत, तीही न्यायाधिकरणाला कारण पटलं तर. नेटवर्कची पुढची बैठक दोन महिन्यांनी असते. म्हणून मैत्रिणीला म्हटलं की नेटवर्कच्या भरवशावर बसू नकोस.

आणखी एक फरक आहे तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हादईवर स्पष्ट दिसतो. नदी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगवते, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येते, पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते. खोऱ्यातला थोडा तुकडा महाराष्ट्राचाही आहे, दोडामार्गकडचा. पाणीवाटपाच्या भांडणावर गोव्याने 2002 मध्ये लवाद मागितला, तो 2010 मध्ये नेमला गेला, 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा आला, कर्नाटकला 13.42 टीएमसी, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. कर्नाटकच्या वाट्यातलं 3.9 टीएमसी पाणी कळसा आणि बंडुरा नाल्यांवरून खोऱ्याबाहेर, कर्नाटकातल्याच मलप्रभा नदीत न्यायचं, आणि गोव्याचा जीव अडकलाय तो याच आकड्यात. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकच्या आराखड्याला मान्यता दिल्यावर गोव्यात 'सेव्ह म्हादई सेव्ह गोवा' फ्रंट उभा राहिला, संस्था, पक्ष, नागरिक सगळे, आणि जानेवारी 2023 मध्ये साखळीजवळच्या विर्डीत सभा झाली.

पण पलीकडे कर्नाटकातले नरगुंद-नवलगुंदचे शेतकरीही 2015 पासून याच पाण्यासाठी आंदोलनाला बसलेत. त्यांचीही आघाडीच आहे. त्यांचीही मागणी एका ओळीत लिहिता येते. गोव्याच्या फ्रंटमध्ये नरगुंदचा शेतकरी बसू शकत नाही आणि त्यांच्या मंडपात सत्तरीचा कार्यकर्ता बसू शकत नाही, आणि यात कुणाचाच दोष नाही, आघाडी म्हणजे बाजू घेणं. या दोघांना एका टेबलाशी बसवून मलप्रभेत पाणी कुठल्या पिकाला जातं, नदीत उन्हाळ्यात किती उरलं तर खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) आणि मासे टिकतील, हे प्रश्न शांतपणे विचारायचे असतील तर ती जागा नेटवर्कचीच. आणि ती जागा अगोदरपासून असावी लागते, भांडण पेटल्यावर बांधायला घेतली तर कुणी येत नाही.

नर्मदेच्याच माणसांनी दोन्ही केलं हे मात्र विसरू नये. धरणांवरचा जागतिक आयोग 1998 मध्ये बसला, बारा सदस्य, त्यात मेधा पाटकर आणि त्याच टेबलाशी धरणांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख. नोव्हेंबर 2000 मध्ये अहवाल आला, पाटकरांनी सही केली आणि आपलं वेगळं टिपण सोबत जोडलं. हा बारीक फरक बघा, चर्चेच्या जागेत वेगळं टिपण जोडता येतं. आघाडीच्या पत्राला असं टिपण जोडलं तर समोरचा अधिकारी पत्र बाजूला ठेवतो आणि टिपणच वाचतो.

पैशाचं थोडक्यात. आघाडी बहुतेक वेळा नोंदणीकृत नसते, बँक खातं नसतं, एखादी संस्था वकिलाची फी भरते, कुणी प्रवास, कुणी झेरॉक्स, हिशोब एका वहीत. नेटवर्कला थोडा नियमित फंड लागतो, आणि पूर्वी एक मोठी संस्था परदेशी निधी घेऊन लहान संस्थांना वाटून द्यायची. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवणं बंद झालं, प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली. याचा फटका सगळ्यात जास्त बसला तो खेड्यातल्या दोन-तीन माणसांच्या संस्थांना, ज्या विहिरी मोजतात, झरे मोजतात, आणि याबद्दल पाहिजे तेवढं बोललं गेलं नाही.

मैत्रिणीने मग सात संस्था आणि दोन ग्रामपंचायती जमवल्या, मागणी एका ओळीत लिहिली आणि हरकती मुदतीत दिल्या. त्यांना जोडायला भूजलाची माहिती हवी होती, तेव्हा मी त्या वहीवाल्या काकांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या सख्ख्या भावाची जमीन प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येते, भावाला प्रकल्प हवाय. म्हणाले, "वही ने, झेरॉक्स काढ, आकडे खरेच आहेत. पण नाव नको घालू." नाव नाही घातलं. हरकतीच्या मागे परिशिष्ट तीन म्हणून सहा वर्षांच्या नोंदी लागल्या, शेवटच्या पानांवर स्केचपेनचा हिरवा रंग होता, झेरॉक्समध्ये तो करडा आला. आणि काका पुढच्या बैठकीला नेहमीसारखे आले, नवी वही घेऊन.